छतावर आलेला ड्रोन कोणाचा? मानेवाडा रोडच्या एका ले-आउटमधलं प्रकरण

संक्रांतीच्या आठवड्यात नागपूर जमिनीवर कमी आणि छतावर जास्त असतं. पोट्टे सकाळपासून पतंगी घेऊन वर, म्हातारी माणसं उन्हात खुर्ची टाकून बसलेली, बायांची वाळवणं, कपडे, संक्रांतीच्या वाणाची आवराआवर. मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका ले-आउटवर, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीवर, यंदा याच दिवसांत दुपारच्या वेळी एक छोटा ड्रोन फिरू लागला. पहिल्या दोन दिवसांत कोणीही तक्रार केली नाही. नायलॉन मांजा पकडायला पोलीस ड्रोन वापरतात, हे लोकांनी पेपरात वाचलेलं होतं. त्यामुळे 'पोलिसांचाच असेल' असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पोट्ट्यांनी चक्र्या लपवल्या, मोठ्यांनी पोलिसांचं कौतुक केलं, आणि ड्रोन आपलं काम करत राहिला.

तिसऱ्या दिवशी तो एका घरावर येऊन थांबला. प्रकरण तिथून सुरू होतं. मी वकील आहे आणि अर्ज-नोटिसा लिहून देण्यापुरता यात होतो. माणसांची, ले-आउटची आणि ठाण्याचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना झालं तेवढं पुरे झालं आहे.

घरावर काय होतं

त्या घरची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. बाळ सव्वा महिन्याचं. जानेवारीत नागपूरची थंडी चांगलीच बोचते, म्हणून दुपारी छतावर ऊन घेत बाळाला तेल लावायचं, तिथेच पाजायचं आणि झोपवून खाली आणायचं, असा रोजचा क्रम. आडोशाला दोरीवर दोन जुनी लुगडी आणि एक सतरंजी टाकलेली. रस्त्यावरून काही दिसत नव्हतं, शेजारच्या छतावरूनही नाही. वरून कोणी पाहील हा विचार आडोसा करताना कोणाच्या डोक्यात येतो?

घूं-घूं आवाज आला, तिने वर पाहिलं, ड्रोन हलत नव्हता. तिने पदर ओढून घेतला, बाळाला उचललं आणि खाली आली. नंतर ती छतावर गेलीच नाही. तिची आई, म्हणजे काकू, सांगत होत्या: "भाऊ, फिरून रायला असता तर काही वाटलं नसतं. हा तर आमच्याच डोक्यावर येऊन थांबून रायला ना."

तिचे वडील, म्हणजे काका, संध्याकाळी ठाण्यात गेले. तिथला संवाद त्यांनी मला जसा सांगितला तसा देतो. हवालदाराने विचारलं, "कोणाचा ड्रोन?" काका म्हणाले, "तुमचा नाही का?" हवालदाराने आत जाऊन विचारून आल्यावर सांगितलं, "आमचा नाही." आणि मग हसत हसत विचारलं, "आणि आमचा असता, तर काय केलं असतं काकाजी?"

काकांना त्यावर काही सुचलं नाही. सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न मात्र हाच आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

शोध

मालक सापडला तो कायद्यामुळे नाही, शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांमुळे. त्यांनी साधा हिशोब मांडला: एवढ्याशा ड्रोनची बॅटरी फार तर अर्धा तास चालते, आणि सहसा तो जिथून उडाला तिथेच उतरतो. चौथ्या दिवशी ड्रोन दिसताच दोन पोट्टे गाडीवर त्याच्या मागे निघाले. ड्रोन उतरला तो दोन गल्ल्या पलीकडच्या, नुकत्याच सातव्या मजल्यापर्यंत आलेल्या एका फ्लॅट स्कीमच्या आवारात. रिमोट हातात घेऊन उभा होता एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, एरवी लग्नाचं शूटिंग करणारा.

त्याआधी छतावर एक प्रस्ताव येऊन गेला होता. "पेच लावून पाडतो ना काकाजी, दोन मिनिटं लागतील." हे अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर पोलिसांचे ड्रोन अश्रुधुराची नळकांडी टाकत होते, तेव्हा आंदोलक शेतकऱ्यांनी ते अडवायला पतंगीच उडवल्या होत्या. काकांनी पोट्ट्यांना थांबवलं ते बरं केलं. दुसऱ्याची वस्तू पाडून मोडली की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली आगळिकीचा गुन्हा तक्रारदारावरच उलटतो. शिवाय फिरते पंखे घेऊन खाली येणारी ती वस्तू कोणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाही.

मुलाने काही लपवलं नाही. स्कीमचे फ्लॅट विकणाऱ्या एजंटने त्याला काम दिलं होतं: पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्याच्या गॅलरीतून काय दिसेल ते शूट करून दे. गिऱ्हाइकाला मोबाइलवर दाखवायला. म्हणून ड्रोन त्या त्या मजल्याच्या उंचीला येऊन थांबत होता आणि कॅमेरा सावकाश फिरत होता. काकूंचं घर नेमकं त्या गॅलरीच्या समोरच्या ओळीत होतं. 'आमच्याच डोक्यावर थांबतो' याचं कारण एवढंच निघालं.

हे ऐकल्यावर अर्ध्या लोकांचा राग ओसरला. माझा नाही. हेतू वाईट नव्हता हे खरं. पण त्या मुलीचं छत गेलं ते गेलंच. आणि फ्लॅट विकले गेल्यावर त्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी राहणारच आहेत, हा बचाव एजंटने नंतर केला तेव्हा मला तो फसवा वाटला. गॅलरीत उभा असलेला माणूस दिसतो, त्याला हाक मारता येते, त्याच्या बायकोला सांगता येतं. त्याने पाहिलेलं त्याच्या डोळ्यात राहतं, वॉट्सॲपवर जात नाही.

गुन्हा कोणता?

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज घेऊन गेलो. ठाणेदारांनी अर्ज शांतपणे वाचला आणि विचारलं, "वकीलसाहेब, कलम सांगा." प्रश्न रास्त होता.

काकांच्या मनात विनयभंग होता. मी तो लिहिला नाही. जवळचं कलम होतं न्याय संहितेचं ७७, जुन्या दंड संहितेतलं ३५४-सी, म्हणजे चोरून पाहण्याचं कलम. खाजगी क्रिया करत असलेल्या स्त्रीला, जिथे आपल्याला कोणी पाहत नसेल असं तिने धरून चालणं साहजिक आहे अशा जागी पाहिलं किंवा तिचं चित्रण केलं, तर पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं शिक्षा. पण 'खाजगी क्रिया' याची व्याख्या कडक आहे: शरीराचे ठरावीक भाग उघडे किंवा केवळ अंतर्वस्त्रात असणं, शौचालयाचा वापर, किंवा लैंगिक कृती. केस विंचरणारी, पाय पसरून उन्हात बसलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून वाळवण घालणारी बाई या व्याख्येत बसत नाही. बाळाला पाजणारी बसू शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई याच अंगाने जातं: संमतीशिवाय कोणाच्याही, पुरुषाच्याही, खाजगी अवयवांचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड.

म्हणजे दोन्ही कलमं शरीराभोवती फिरतात. घराभोवती एकही नाही. तुमच्या छतावर किती माणसं असतात, कोण कधी येतं, कुलूप कधी लागतं, टाकीशेजारी काय ठेवलंय, हे वरून टिपलं तर फौजदारी कायद्याला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. दिवाणी बाजूने 'आमच्या जागेवरून का उडाला' असा दावा करावा म्हटलं, तर १९३४ च्या विमान कायद्याने कलम १७ मध्ये ती वाट फार पूर्वीच अरुंद करून ठेवली: वारा-हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी उंचीवरून विमान गेलं, तर केवळ तेवढ्यावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा लावता येणार नाही. हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सातव्या मजल्याच्या उंचीला पाच मिनिटं थांबून राहणारं विमान असणं शक्यच नव्हतं. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.

वाटलं तर कलम ७७ लावता आलं असतं, पण त्यासाठी चित्रणात काय आहे ते पाहावं लागणार होतं.

फुटेज कोणी पाहायचं?

इथे सगळे अडले. ज्या चित्रणात आपली लेक दिसत असेल अशी भीती आहे, ते ठाण्यातल्या टेबलावर लावून चार पुरुषांनी पाहायचं, आणि मग ठरवायचं की तिची अब्रू गेली की नाही! लेकीने येणार नाही म्हणून निक्षून सांगितलं. काका म्हणाले, मी पाहत नाही. ठाणेदारांनी समजूतदारपणा दाखवला, हे नोंदवायला हवं. त्यांनी एका महिला कर्मचारीला बोलावलं, काकू आणि शेजारच्या एक वहिनी आत बसल्या, बाकी सगळे आम्ही बाहेरच्या बाकावर. मुलाने लॅपटॉप लावून दिला आणि तोही बाहेर आला.

काकूंनी नंतर सांगितलं ते असं. लुगड्याची कड, तिची पाठ, बाळाचे दोन पाय, आणि तेलाची स्टीलची वाटी, उन्हात चमकत असलेली. बाकी काही नाही. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्या तक्रारीतला दात स्वतःच काढून घेतला आहे.

हे असं का दिसलं, याचा हिशोब करता येतो. अशा हलक्या ड्रोनची लेन्स मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यासारखी रुंद असते. सरळ खाली पाहिलं तर ढोबळमानाने जितकी उंची, त्याच्या दीडपट रुंदीची जमीन चौकटीत येते. १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांवरून १८० मीटर रुंद पट्टा. तो ४००० ठिपक्यांत वाटला की एका ठिपक्याला साडेचार सेंटिमीटर. माणसाचा चेहरा तीन-चार ठिपक्यांचा, म्हणजे काहीच नाही. ३० मीटरवरून चेहऱ्याला चौदा-पंधरा ठिपके येतात. बाई की पुरुष कळेल, कोण ते कळणार नाही. दहा मीटरवर चाळीसेक ठिपके होतात, आणि ओळखीच्या माणसाला ओळखीचा माणूस कळतो. शिवाय ज्याला ते छत कोणाचं हे आधीच माहीत आहे, त्याला चेहऱ्याची गरजच नसते. झूम लेन्स लावलेल्या मोठ्या ड्रोनला यातलं काहीच लागू नाही. तो १२० मीटरवर राहूनही वाटीतलं तेल मोजेल.

पण त्या लॅपटॉपवर फक्त काकूंचं छत नव्हतं. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "आमच्या घरचं पाहायला गेलो होतो, यात तर अख्खी गल्लीच दिसून रायली." कोणाच्या छतावरचं टिनाचं शेड, ज्याची परवानगी घेतलेली नाही. कोणाच्या पोट्ट्याच्या हातातली हिरव्यागार नायलॉनची चक्री, ज्याचे वडील पोलिसांच्या मोहिमेचं सगळ्यात मोठ्याने कौतुक करत होते. एका घरचे आजोबा, घरच्यांपासून लपून बिडी ओढताना. हे सगळं आता त्या दोन बायांना माहीत होतं, महिला कर्मचारीला माहीत होतं, आणि संध्याकाळपर्यंत ले-आउटला माहीत झालं. आपलं काही टिपलं गेलंय का हे तपासायला गेलेल्या माणसांनी शेजाऱ्यांचं पाहून घेतलं. यात कोणाचा दोष म्हणणार? तक्रारीची चौकशी करायची असेल तर कोणीतरी पाहावंच लागतं, आणि कोणी पाहायचं याचा कुठलाच नियम नाही.

मुलाने सगळ्यांसमोर मेमरी कार्ड पुसून टाकलं. टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या. मी त्याला विचारलं की फोनमध्ये काय आहे. बऱ्याच ड्रोनमध्ये उडतानाच फोनच्या ॲपमध्ये हलक्या दर्जाची एक प्रत साठत जाते. ती होती. मग विचारलं, एजंटला काय दिलंस? सगळं दिलं होतं, ड्राइव्हची लिंक करून. एजंटने त्यातून रील करून वॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली होती.

चाललं ते कलम

शेवटी उपयोगी पडला तो खाजगीपणाचा कायदा नव्हे, विमानतळ.

२५ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलं आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सवलत २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच संपते. सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराला इतका चिकटून आहे की कंपास घेऊन नकाशावर वर्तुळ काढलं तर नागपूरचा बराचसा भाग त्यात येतो. मानेवाडा तर आरामात. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा या पट्ट्यांचा नकाशा ठाणेदारांना तिथेच मोबाइलवर दाखवला. बिनपरवानगी एक फूटही उडवायला नको होतं.

मुलाचा पहिला बचाव होता की ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे. लग्नाच्या बाजारात हा समज घट्ट बसलेला आहे की अडीचशे ग्रॅमच्या आत सगळं माफ. खरं असं आहे की २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारमान्यता, लागत नाही आणि उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणं मात्र लागतं, आणि पिवळ्या-लाल पट्ट्यातली परवानगीही. त्या क्रमांकाचं शुल्क शंभर रुपये आहे. याच्याकडे क्रमांक नव्हता.

नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला आणि काकांना पहिल्यांदा न्याय मिळाल्यासारखं वाटलं. लेखी जबाब झाला, ड्रोन ठाण्यात जमा झाला, पुन्हा उडवणार नाही अशी हमी लिहून घेतली गेली.

मला यात समाधान वाटत नाही, आणि काकांना मी तसं सांगितलंही. या सगळ्या नियमांना ड्रोन म्हणजे विमान एवढंच माहीत आहे: वजन किती, उंची किती, कुठे उडाला, कोणावर पडेल. आमची तक्रार विमानाबद्दल नव्हतीच, त्याला टांगलेल्या कॅमेऱ्याबद्दल होती. हाच ड्रोन काटोलच्या पुढे एखाद्या गावात, हिरव्या पट्ट्यात, क्रमांक घेऊन उडाला असता, तर तिथल्या बाळंतिणीच्या आईला मी कोणता नकाशा दाखवला असता? डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या आधीच्या नियमावलीत ड्रोन चालवणाऱ्याने लोकांच्या खाजगीपणाला बाधा येऊ देऊ नये, अशी जबाबदारी निदान लिहिलेली होती. २०२१ ला नियम सुटसुटीत करताना, उद्योगाला मोकळीक देताना, ती कागदावरूनही गेली. मोकळीक हवीच होती. शेतातल्या फवारणीपासून गावठाणाच्या मोजणीपर्यंत ड्रोनने चांगली कामं केली आहेत. पण ही एक ओळ ठेवल्याने कोणाचं उड्डाण अडलं असतं असं मला वाटत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यामुळे एजंटला आज त्याचा धाक नाही. आणि शेजाऱ्याने हौसेने स्वतःपुरतं शूट केलं, तर घरगुती वापर म्हणून तो त्या कायद्याच्या बाहेरच राहतो.

हवालदाराचा प्रश्न

"आमचा असता तर काय केलं असतं?"

प्रामाणिक उत्तर असं की काहीच केलं नसतं. दोन दिवस कोणी केलंही नव्हतं. खालून पाहताना पोलिसांचा ड्रोन आणि एजंटचा ड्रोन यांत फरक दिसत नाही. क्रमांक असला तरी तो ड्रोनच्या अंगावर, बोटभर अक्षरांत. छतावरून वाचता येत नाही. लोक मग आपल्या मनाने मालक ठरवतात, आणि सरकारचा ठरवला की गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा फायदा त्या दोन दिवसांत एका फ्लॅट विकणाऱ्याला झाला.

पोलिसांचं कारण खोटं नाही. नायलॉन मांजाने गळे चिरतात, पक्षी मरतात; राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली आहे आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा विषय स्वतःहून हाती घेतलेला आहे. अधिवेशनाच्या काळात, दीक्षाभूमीवरच्या गर्दीत वरून नजर ठेवण्याला मीही हरकत घेणार नाही. पण गर्दीवरची नजर वेगळी आणि घरांच्या छतांवरची वेगळी. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला. त्या नऊमध्ये आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. या निकालाप्रमाणे सरकारने या हक्कात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश योग्य हवा, आणि हस्तक्षेप उद्देशाच्या मानानेच हवा. मांजाच्या मोहिमेत उद्देश आहे. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल विचारायला हवं: छतांवरून ड्रोन कोणाच्या लेखी आदेशाने उडतो, आणि मांजा सापडला नाही त्या घरांचं फुटेज किती दिवसांत पुसलं जातं?

ड्रोन नियमांमधून सूट आहे ती लष्कर, नौदल आणि वायुदलाच्या ड्रोनना. पोलीस त्या ओळीत नाहीत. माहिती संरक्षणाच्या कायद्यात मात्र गुन्हा रोखण्यासाठी आणि तपासासाठी केलेल्या कामाला बरीच सूट दिलेली आहे. आणि नागपूर आता फक्त कॅमेऱ्यांचं शहर नाही. चौकाचौकांत साडेतीन हजारांहून अधिक सरकारी कॅमेरे आहेतच. शिवाय पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी 'मार्व्हल' ही राज्य सरकारची कंपनी २०२४ मध्ये इथेच, आयआयएम नागपूरच्या सहभागाने, उभी राहिली. साठवलेलं चित्र उद्या कशासाठी वापरलं जाईल, हे ते टिपताना कोणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेतही हा घोळ मिटलेला नाही, हे जाता जाता. १९८९ च्या फ्लोरिडा विरुद्ध रायली या खटल्यात पोलिसांनी ४०० फुटांवरून हेलिकॉप्टरने घराच्या आवारातल्या हरितगृहात डोकावून गांजा पाहिला. वॉरंट लागत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. ज्या उंचीवरून जायला कोणालाही मोकळीक आहे तिथून दिसलेलं खाजगी कसं, असा एकूण तर्क. आपल्या हिरव्या पट्ट्याची मर्यादाही ४०० फुटांचीच आहे. हा तर्क आपल्याकडे कोणी उचलू नये.

ले-आउटची बैठक

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी हनुमान मंदिराच्या सभामंडपात बैठक झाली. मला वाटलं होतं, ड्रोनबंदीचा ठराव होईल. झालं उलटंच. खजिनदारांनी मांडलं की लग्नसराईत घरं बंद असतात, चोऱ्या होतात. तो मुलगा आता ओळखीचा झाला आहे, त्याच्याकडूनच महिन्याला ठरावीक रक्कम देऊन रात्री एक फेरी मारून घ्यावी. सात-आठ हात लगेच वर. त्यात अर्ज द्यायला ठाण्यात सोबत आलेल्यांपैकीही दोघं होते.

मी आठवण करून दिली की पट्टा बदललेला नाही, परवानगी तेव्हाही नव्हती आणि आताही मिळणं सोपं नाही. त्यावर "ते पाहून घेऊ" असं नागपुरी उत्तर आलं. मग मी म्हटलं, पाहून घ्यायचंच असेल तर आधी चार गोष्टी लिहून काढा: कॅमेरा फक्त रस्त्यावर, छतांवर नाही, उडण्याची वेळ आदल्या दिवशी सगळ्यांना कळवायची, फुटेज आठ दिवसांत पुसायचं, आणि कोणाला पाहायचं असेल तर दोन माणसांसमोर, त्यातली एक बाई, वहीत नोंद करून. पहिल्या तीन गोष्टी मान्य झाल्या. चौथ्यावर अध्यक्ष म्हणाले, एवढी भानगड कशाला, फुटेज माझ्या लॅपटॉपवर राहू द्या. वहिनी मागून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या शेडचं तेवढं पुसलं जाईल." सभामंडप हसला, अध्यक्ष चिडले, आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

एजंटला काकूंच्या वतीने नोटीस पाठवली आहे, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मागण्या तीन: छतं दिसणारा भाग असलेली रील काढून टाकावी, ड्राइव्हवरचं मूळ चित्रण पुसल्याचं लेखी द्यावं, आणि ते कोणाकोणाला पाठवलं त्याची यादी द्यावी. पहिल्या दोन मागण्या त्याने फोनवरच मान्य केल्या. तिसऱ्यावर म्हणाला, "वकीलसाहेब, ग्रुपवर टाकलेल्याची यादी कुठून आणू?" त्या ग्रुपच्या सदस्यांचीच यादी द्या, असं त्याला लेखी कळवलं आहे.